स्थळ बघायला बर्लिनला

ग्रोनहाउझेन, पश्चिम जर्मनी
गुरुवार, १४ मे १९५९

तीर्थस्वरूप श्यामकांतमामांच्या चरणी श्रीरंगचा साष्टांग नमस्कार, आणि नमस्कार घालून उठायच्या आतच सांगून टाकतो की मी तुरुंगात नाही. ब्राउनश्वाइगच्या आपल्या यशवंताने घरी काय लिहिलं असेल आणि त्याच्या आईने मिरजभर काय पसरवलं असेल, याची मला पुरती कल्पना आहे. मला बर्लिनमध्ये पोलिसांनी नेलं होतं हे खरं. पण साडेतीन तासांत सोडलं, दोनदा कॉफी दिली आणि निघताना फौजदाराने स्वतः माझा कोट अंगात घालायला धरला. आपल्याकडे व्याह्यांचाही एवढा मान कुणी ठेवत नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावता ना? (ते घोड्यांसाठी असतं हे मला पार्सल रवाना झाल्यावर कळलं. पण गुण येत असेल तर थांबवू नये.) मामींना नमस्कार. आईला सांगावं की मी लोकरीचे मोजे घालतो आणि पोटभर जेवतो. काय जेवतो ते विचारू नये. शुभाच्या लग्नाची तारीख पक्की झाल्याचं तुमचं कार्ड पोचलं. अकरा डिसेंबर. ते कार्ड मी आरशाशेजारी टाचलं आहे आणि रोज दाढी करताना वाचतो, त्यामुळे हनुवटीवर कायम एक कापलेलं असतं. अण्णा गेले तेव्हा शुभा नऊ वर्षांची होती. अंतरपाटाशी मामा म्हणून तुम्ही उभे राहालच, कन्यादान काका-काकू करतील. पण सख्खा भाऊ तिला एकच, आणि तो चार हजार मैलांवर गोठलेली जमीन किती वजन पेलते हे मोजत बसला आहे. (मिरजेत जमीन गोठत नाही हे मला ठाऊक आहे मामा. शिष्यवृत्ती त्याच विषयाला होती.) जुलैत तोंडी परीक्षा, ऑगस्टात जिनोव्हाहून बोट, गणपतीच्या आत घरी, असं सगळं मी चोख बसवलं होतं. ते सगळं आता हँडबॉल नावाच्या खेळावर येऊन अडकलंय. कसं ते नीट सांगतो, कारण तुम्हाला अर्धवट सांगितलेलं चालत नाही आणि मला थोडक्यात सांगता येत नाही.

इकडे उत्तरेकडच्या पाच तांत्रिक शाळांचा मिळून एक क्रीडासंघ आहे. (आपल्या आंतरकॉलेज सामन्यांसारखं समजा, फक्त इथे पंचाला मारत नाहीत.) पाच ही संख्या अडचणीची. दर फेरीत एक शाळा रिकामी बसते आणि बसल्या बसल्या इतरांबद्दल तक्रारी लिहिते. म्हणून सहावी संस्था घ्यायचं ठरलं, आणि अर्ज आला तो थेट बर्लिनच्या एका शहरी विद्यापीठाचा. त्याचं नाव इथे लिहीत नाही. पत्रं फोडून वाचतात असं म्हणतात, आणि आता माझ्या नावाची एक फाइल आहे. आपण त्याला नुसतं ‘स्थळ’ म्हणू. तर या स्थळाबद्दल संघात दोन तट पडले. एक तट म्हणे, केवढं शहर, केवढी वर्तमानपत्रं, रेडिओवाले येतील, आपल्याला कोण विचारतंय आज? दुसरा तट म्हणे, शहरी पोरं संध्याकाळी यू-बान, म्हणजे जमिनीखालची आगगाडी, पकडून आपापल्या घरी जातात, त्यांना विद्यापीठाचा कसला अभिमान. शिवाय बर्लिनला जायचं म्हणजे मध्ये ती दुसरी जर्मनी लागते, प्रत्येक सामन्याला प्रत्येक खेळाडूचे कागद दोनदा तपासून घ्यायचे, आणि एखाद्या गोलकीपरला तिथेच ठेवून घेतलं तर दुसरा कुठून आणायचा?

मग पाच जणांची समिती नेमली. अध्यक्ष प्रोफेसर ओस्टरकाम्प, म्हणजे माझेच गुरू. समितीत एक विद्यार्थी हवा असा नियम आहे. जो निवडला होता त्याचा घोटा हँडबॉल खेळतानाच मोडला, आणि प्रोफेसरांनी प्रयोगशाळेत येऊन सभोवार नजर फिरवली तेव्हा तिथे दोनच प्राणी होते, मी आणि सफाईवाल्या बाईंचं मांजर. मांजराचं नाव पटावर नव्हतं. प्रोफेसर माणूस वाईट नाहीत, मला हिवाळ्यात स्वतःचे जुने बूट दिले होते. पण हँडबॉलची ढाल सहा वर्षं आमच्या शाळेकडे आहे, ती त्यांच्या खोलीत असते आणि ते ती दर शनिवारी स्वतः पुसतात. बर्लिनचं एवढं मोठं स्थळ आलं तर ढाल गेलीच. आगगाडीत पावाचा डबा उघडता उघडता त्यांनी मला फार सौम्यपणे सांगितलं की सगळं बारकाईने बघा, मोकळ्या मनाने बघा, आणि मग नाही म्हणा. मी जा, जा म्हणत राहिलो. (इथे ‘जा’ म्हणजे ‘हो’. आयुष्यात इतक्या वेळा मी कुणाला हो म्हटलेलं नाही.)

तिथे पोचलो आणि मामा, खोटं नाही सांगत, मला घाम फुटला. लांबलचक टेबल, त्यावर पांढरं कापड, तीन तऱ्हेचे केक, कुलगुरूंच्या गळ्यात नवी कोरी टाय, भिंतीशी हँडबॉलचा संघ एका ओळीत खाली माना घालून उभा. एकेकाने पुढे येऊन नाव सांगितलं, उंची सांगितली. मग प्रोफेसर म्हणाले, जरा धावून दाखवा. पोरं धावली बिचारी, त्या बूट सरकणाऱ्या लाकडी जमिनीवर. मग समितीतल्या प्रत्येकाने एकेक प्रश्न विचारायचा होता. माझी पाळी आली तेव्हा, स्वयंपाक काय काय येतो, असं अगदी ओठांवर आलं होतं. आपल्या वीणाताईला बघायला अकरा वेळा लोक येऊन गेले, त्यातल्या सहा वेळा पोह्यांच्या बश्या मी फिरवल्या होत्या. दोन-दोन बश्या खाऊन, ‘कळवतो’ म्हणून गेले ते मेले पुन्हा फिरकले नाहीत. या वेळी बशी घेऊन बसलेल्यांत मी होतो. केक घशाखाली उतरेना, आणि उतरला नाही तर यजमानांचा अपमान म्हणून तीन तुकडे खाल्ले.

स्थळातर्फे सगळी धावपळ करणारा माणूस म्हणजे क्रीडाप्रमुख हेर पिंकर्ट. (इथे प्रत्येक सभ्य गृहस्थाला हेर म्हणतात, त्याचा पुढच्या प्रकाराशी संबंध नाही.) पन्नाशीचा, टक्कल पडलेला, बोलायला लागला की थांबत नाही. मैदान आमचं स्वतःचं, पूर्ण मापाचं, व्यायामशाळा सुसज्ज, चेंडू म्हणाल तितके. तुमच्या भाषेत सांगायचं तर मुलीच्या बापाने मुलगी पदवीधर, गोरी आणि गृहकृत्यदक्ष असल्याचं एका दमात सांगावं तसं. आणि इथेच माझ्या डोक्यात तुम्ही शिरलात. दिवाणखाना बघू नये, तो त्या दिवसापुरता आवरलेला असतो, मोरी बघावी. घरच्यांना विचारू नये, दूधवाल्याला, शिंप्याला आणि परटिणीला विचारावं. हे तुम्ही तीस वर्षं सोयरिकी जुळवताना सांगत आलात. दुसऱ्या दिवशी सकाळी समितीची मंडळी वस्तुसंग्रहालय बघायला गेली. मी पोट बिघडल्याचं सांगितलं (केकमुळे ते फारसं खोटंही नव्हतं) आणि वही घेऊन एकटाच चौकशीला निघालो.

परटीण सापडली. मैदानाच्या कोपऱ्यावर तिचं कपडे धुण्याचं दुकान आहे, संघाचे सदरे तीच धुते. तिच्याकडून पाऊण तासात जे कळलं ते कुलगुरूंना दहा वर्षांत कळलेलं नसेल. मैदान विद्यापीठाचं नव्हेच, ते शेजारच्या गॅस कारखान्यातल्या कामगारांच्या क्लबाचं, मंगळवार-गुरुवार उसनं मिळतं. मग पाववाल्याला विचारलं, सिगारेटवाल्याला विचारलं, बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं. मैदान पूर्ण मापाचं आहे का ते पावलं टाकून मोजलं, शेजारून जाणारे रूळ मोजले, नकाशा काढला. वहीत लिहिलं ते असं: फाटक सातला उघडतं, राखणदार अकरा ते बारा डुलकी काढतो, कुंपणाला दोन छिद्रं, माणूस सहज आत जाईल. अहो, पाव मैलावर त्या दुसऱ्या जर्मनीची हद्द! त्या शहरात सध्या सकाळी पाव आणायला निघालेला माणूससुद्धा मागे वळून बघतो, आणि मी काळा कोट घालून, कुणालाही कळणार नाही अशा लिपीत, कारखान्याशेजारच्या रुळांची संख्या लिहीत चाललो होतो. परटिणीने टेलिफोन केला. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मीसुद्धा केला असता.

चौकीत मला नम्रपणे विचारलं की तुम्ही हे कुणासाठी करता. मी म्हटलं, सोयरिकीसाठी. जर्मनमध्ये ते समजावताना माझी जी तारांबळ उडाली ती सांगत नाही. विद्यापीठाचं लग्न कुणाशी, असं फौजदाराने दोनदा विचारलं आणि दुसऱ्या वेळी लिहून घेतलं. शेवटी त्यांनी वही वाचायला एक संस्कृतचे वयोवृद्ध पंडित बोलावले, ते त्याच विद्यापीठातले. आता अहवाल म्हटला की भारदस्त मराठीत लिहावा ही तुमचीच शिकवण, त्यामुळे पंडितांना नेमके तेवढेच शब्द लागले: गुप्त, संशय, छिद्र, शत्रुपक्ष. (शत्रुपक्ष म्हणजे पाहुणा संघ हो!) बाकीचं आपल्याला कळत नाही असं त्यांनी प्रांजळपणे सांगितलं, आणि माझ्याकडे फार दुःखाने पाहिलं. तेवढ्यात ओळख पटवायला म्हणून बोलावलेले हेर पिंकर्ट धापा टाकत आले. फौजदार मला म्हणाला, मग तुम्हीच वाचा आणि भाषांतर करा, यांच्यासमोर.

मामा, तुम्ही आयुष्यात शेकडो चौकश्या केल्या, पण त्यातली एकतरी मुलीच्या बापाला मोठ्याने वाचून दाखवायची वेळ आली होती का? मी वाचलं. मैदान उसनं आहे. व्यायामशाळेच्या चार खिडक्या लढाईत गेल्या, तिथे अजून फळ्या मारल्या आहेत, पाहुणे येणार म्हणून फळ्यांवर पडदे लावले. सदतीस खेळाडूंत चेंडू दोन. क्रीडाप्रमुख मनाने बरा, पण फुशारक्या फार मारतो, आणि त्याच्या कोटाचं अस्तर उसवलेलं आहे. पिंकर्ट डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं आता हा मनुष्य मला आतच टाकायला सांगणार. त्यांनी डोळे उघडले, गेनाऊ म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर, आणि म्हणाले की एक दुरुस्ती करा, चेंडू तीन आहेत, तिसरा फाटलाय पण शिवायला दिलाय. मग त्यांनी माझ्या जामिनाच्या कागदावर सही केली. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो दिवस गुरुवारचा, मैदान उसनं मिळण्याचा. चौकीतून ते मला तडक त्या उसन्या मैदानावर घेऊन गेले, रागाने नव्हे, सरावाची वेळ झाली होती म्हणून. पोरं कामावरून आली होती, कुणी छापखान्यातून, कुणी दवाखान्यातून, सकाळी कॉलेज आणि मग नोकरी. आणि मामा, सामना नाही, काही नाही, नुसता सराव, तरी कुंपणाला शंभर-सव्वाशे माणसं रेलून उभी! पाववाला होता, ते दोन म्हातारे होते. परटीणही होती. तिने मला पाहिलं, लाजली, आणि एक उकडलेलं अंडं दिलं. (आईला सांगू नये. मी खाल्लं.) आमच्या शाळेच्या अंतिम सामन्याला गेल्या साली एकोणसाठ माणसं होती, त्यातली अकरा राखीव खेळाडू. शहरी पोरांना अभिमान नसतो म्हणणाऱ्यांना मी त्या कुंपणापाशी नेऊन उभं केलं असतं. मी वही उघडली आणि सगळ्यात खाली लिहिलं की स्थळ गरीब आहे, खोटं बोलतं, आणि करण्यासारखं आहे.

आता पेच ऐका. समितीत दोन मतं होकाराची, दोन नकाराची, पाचवं माझं. सभा परवा शनिवारी. आज दुपारी प्रोफेसर ओस्टरकाम्प प्रयोगशाळेत आले, माझा प्रबंध टेबलावर ठेवला, तिसरं प्रकरण वाचलं म्हणाले, ठीक आहे म्हणाले, जुलैत परीक्षा घ्यायला हरकत दिसत नाही म्हणाले. मग दारापाशी जाऊन वळले आणि म्हणाले, आल्झो, म्हणजे तर मग, शनिवारी भेटूच. बस. बाकी एक अक्षर नाही. मी तेव्हापासून सहा वेळा पाणी प्यायलो आहे. हात वर केला तर परीक्षा गेली, परीक्षा गेली तर बोट गेली, आणि अकरा डिसेंबरला मिरजेत सनई वाजेल तेव्हा मी इथे जमिनीत खिळे ठोकत असेन. हात खाली ठेवला तर त्या माणसाने माझ्यासाठी केलेली सही मला जन्मभर दिसत राहील. पिंकर्ट काही विचारणार नाहीत, ‘कळवतो’ म्हटलं की निमूटपणे मान हलवतील, तेच तर वाईट आहे. तुम्ही वीणाताईच्या वेळी त्या लोकांना काय काय शिव्या घातल्या होत्या त्या मला अजून पाठ आहेत. मामा, मी काय करू? तुमचा शब्द प्रमाण. शुभाला मात्र यातलं काही कळू देऊ नका, तिचं मन हळवं आहे. 

वाट बघणारा, तुमचा आज्ञाधारक,
श्रीरंग

ता. क. सोमवार, १८ मे. हे पत्र चार दिवस कोटाच्या खिशात राहिलं. विमानाच्या टपालालासुद्धा आठ दिवस लागतात आणि सभा शनिवारी होती, तेव्हा तुमचा सल्ला वेळेवर येणार नव्हता हे लिहितानाही मला ठाऊक होतं. प्रोफेसरांनी आधी नकाराचे हात मागितले तेव्हा माझा हात टेबलाखाली होता. मग होकाराचे मागितले तेव्हा तो वर होता. मधलं काही आठवत नाही. तीन विरुद्ध दोन. स्थळ पसंत, दोन वर्षं आजमावून बघायच्या अटीवर. पिंकर्टांची तार आली, तिसरा चेंडू शिवून आला म्हणून.

प्रोफेसर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. आज सकाळी त्यांनी तिसरं प्रकरण पुन्हा उघडलं, तीन तक्त्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि म्हणाले, हे आकडे एकाच हिवाळ्याचे आहेत, दोन हिवाळ्यांचे हवेत, परीक्षा मार्चमध्ये घेऊ. सूड उगवला म्हणावं, तर मामा, आकडे खरोखरच कच्चे आहेत. मला ते जानेवारीपासून माहीत होतं. त्यांनाही गुरुवारी माहीत होतंच, फक्त गुरुवारी ते चालत होते. जमीन डिसेंबरच्या आधी गोठत नाही, आणि शिष्यवृत्तीच्या पैशात मधेच येऊन परत जाणं जमणारं नाही.

आणखी एक ता. क. मामा, मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला माझं बारीक अक्षर लागत नाही आणि माझी पत्रं शुभाच वाचून दाखवते, असं आईने मागेच कळवलं होतं. तर शुभे, पहिल्या ओळीपासून हे तूच वाचते आहेस. शुभाला कळू देऊ नका, हेसुद्धा तूच मोठ्याने वाचलं असशील. तुझ्या नावाने लिहायला तीनदा बसलो, तीनही कागद फाडले. ‘प्रिय शुभा’च्या पुढे हात चालेना. मामांच्या आड उभं राहून निदान इतकं तरी लिहिता आलं.

तू आता म्हणशील, दादा येईपर्यंत थांबू, वैशाखात करू. अजिबात नाही. मामांना तारीख हलवू देऊ नकोस. मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत, मामांनी परटिणीपर्यंत चौकशी केली आहे. नवऱ्याचा कान पिळायला विनयला उभा कर, मामांचाच मुलगा आहे, परका नाही. फक्त त्याला म्हणावं जोरात पीळ, माझ्या वाटचाही. मला यायचं होतं गं. त्या हाताला मी दोन दिवस विचारतो आहे की तू वर का गेलास, आणि खाली ठेवायला हवा होता असं काही मला म्हणवत नाही. तू माझ्या जागी काय केलं असतंस ते मला कळव. मामा आता ‘पुढे काय लिहिलंय’ म्हणून विचारत असतील. पत्र संपलं म्हण, आणि चहा टाकायला आत जा. आईला तूच सांग, माझ्याच्याने होत नाही. माझ्यावर रागाव, पानं भरून रागाव, पण शुभे, गप्प बसू नकोस.